विष शिकवणारा मठ: ‘ग्रेव्ह मर्सी’ वाचून

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. रॉबिन लाफीव्हर्स या अमेरिकन लेखिकेची ‘ग्रेव्ह मर्सी’ ही कादंबरी मला आवडली. गवार करपल्याचा वास आला तरी प्रकरण संपेपर्यंत उठले नाही, इतकी आवडली. २०१२ सालचं पुस्तक आहे, त्रयीतला पहिला भाग. दुकानात ते ‘यंग अडल्ट’ अशा पाटीखाली असतं, म्हणजे साधारण अकरावी-बारावीतल्या मुलामुलींसाठी. मी चौपन्न वर्षांची, सदाशिव पेठेत वाढलेली, आयुर्वेद महाविद्यालयात अगदतंत्र शिकवणारी बाई. अगदतंत्र म्हणजे विषं आणि त्यांवरचे उपाय. या गोष्टीतली नायिका विषांचं शिक्षण घेते आणि माणसं मारते असं मलपृष्ठावर वाचल्यावर तिचा पेपर तपासल्याशिवाय मला राहवणं शक्य नव्हतं.

पुस्तक निवडलं मात्र भाचीनं. कर्वे रस्त्याच्या बाजूला एका हॉलमध्ये अधूनमधून इंग्रजी पुस्तकं किलोच्या भावानं विकायला येतात. तिथल्या ढिगातून तिनं हे उचललं ते निव्वळ मुखपृष्ठ बघून: मागे किल्ला, पुढे गडद लाल झग्यातली एक मुलगी, हातात क्रॉसबो. साडेपाचशेच्या आसपास पानं, जाड पुठ्ठा. काट्यावर ठेवल्यावर मी तोंड वाकडं केलं तर म्हणाली, “मावशी, भाजी घेताना नाही एवढा विचार करत तू.” घेतलं.

गोष्ट पंधराव्या शतकाच्या अखेरची, ब्रिटनीतली. नकाशावर फ्रान्सचं वायव्येचं टोक समुद्रात घुसलेलं दिसतं, ते ब्रिटनी. तेव्हा तो फ्रान्सचा भाग नव्हता, स्वतंत्र डची, म्हणजे ड्यूकचं राज्य होतं. इस्मे ही तिथल्या एका सलगम पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. हिच्या आईला ही नको होती. तिनं झाडपाला देणाऱ्या बाईकडून विष आणून घेतलं, तरी पोर जगली. त्या विषाचा लालभडक चट्टा मात्र डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत पाठीवर राहिला. आमच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत गर्भपाताच्या विषांत चित्रकाच्या मुळीचं नाव हमखास असतं, आणि ती मुळी कातडीवर फोड आणते. त्यामुळे पहिल्याच पानावर मी सरसावून बसले. आईनं विष घेतल्यानं गर्भाच्या पाठीवर असा पट्टा उठेल का, हे विचारू नका, नाही उठणार. पण कल्पना कुठल्या मातीतून आली असेल हे कळतं.

चौदाव्या वर्षी बाप तिचं एका रासवट माणसाशी लग्न लावतो. त्याला तो चट्टा दिसतो, तो तिला मारतो आणि तळघरात कोंडतो. तिथून गावचा पाद्री आणि ती झाडपालेवाली तिला गुपचूप बाहेर काढून समुद्रातल्या एका मठात पोचवतात. हा मठ मॉर्टेनचा, म्हणजे मृत्यूच्या देवाचा. तिथल्या मुली त्याच्या लेकी समजल्या जातात. त्यांना सुरा चालवायला, वीष कालवायला, दरबारात वावरायला, पुरुषांना भुलवायला शिकवतात, आणि मग देवाच्या नावानं कामगिरीवर पाठवतात. इस्मेला आणखी एक देणगी आहे: तिला वीष बाधत नाही.

इथे आपल्याकडच्या वाचकाला विषकन्या आठवणारच. नंदांच्या राक्षस नावाच्या अमात्यानं चंद्रगुप्तासाठी विषकन्या पाठवली आणि चाणक्यानं ती पर्वतक राजाकडे वळवली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पण त्या गोष्टीत विषकन्या म्हणजे एक पार्सल आहे. कुणी पाठवलं, कुणी पत्ता बदलला, कुणाच्या दारात फुटलं. तिचं नाव काय, तिला काय वाटलं, हे कुणीच विचारलेलं नाही. सुश्रुतांनी कल्पस्थानात, म्हणजे त्यांच्या संहितेतल्या विषांवरच्या भागात, राजाला विषकन्येपासून सावध केलंय, तेही राजाच्या बाजूनंच. लाफीव्हर्सबाईंनी त्या पार्सलला तोंड दिलं, आणि माझ्या मते पुस्तकाची सगळी मजा यातून निघते. गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत इस्मेच सांगते, वर्तमानकाळात, छोट्या छोट्या वाक्यांत. इंग्रजी सोपं आहे.

कल्पस्थानाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण दरबाराची प्रकरणं वाचताना मला राहून राहून तो पहिला अध्याय आठवत होता. राजाच्या स्वयंपाकघरावर कोण नेमावा, अन्नात वीष असेल तर ते आगीत टाकल्यावर ज्वाळेचा रंग मोराच्या मानेसारखा कसा होतो, चकोराच्या डोळ्यांचा रंग कसा बदलतो, हे सगळं त्यात आहे. वीष नुसतं ताटातूनच येतं असं नाही. दातवण, अंगाला चोळायचं तेल, फणी, माळा, पादुका, दागिने यांतूनही येतं, अशी यादी आहे. आणि वीष देणारा माणूस ओळखायचा कसा? विचारलं तर उत्तर देत नाही, उगाच हसतो, बोटं मोडतो, जमीन उकरतो. (परीक्षेच्या हॉलमध्ये मला ही लक्षणं दरवर्षी दिसतात.) लाफीव्हर्सबाईंनी सुश्रुत वाचला असण्याची शक्यता कमी, पण इस्मे जेव्हा केसांच्या सोनेरी जाळीत विषानं भरलेले मोती माळून दरबारात उतरते, तेव्हा मला वर्गात फळ्यावर लिहिलेली यादी जिवंत होऊन चालताना दिसली.

विषशास्त्र म्हणून गुण द्यायचे तर काठावर पास. बहुतेक विषं लेखिकेनं मनानं रचलेली आहेत, नावंही काव्यमय. काल्पनिक वीष चालेल, तक्रार ती नाही. तक्रार त्यांच्या वेळापत्रकाची. बचनागासारखं जहालही आधी ओठ आणि जीभ झिणझिणवतं, मुंग्या आणतं, घशाशी येतं, मग हृदयावर जातं. वीष अंगात पसरतं, त्याला वेग, म्हणजे टप्पे, असतात; आमच्याकडे त्या वेगांची वर्णनं पाठ करून घेतात. इथे माणसं फार सोयीनं मरतात.

उलट एक जागा अशी आहे की जिथे मी पेन्सिलीनं समासात ‘वा’ लिहिलं. मठातल्या मुलींच्या डोळ्यांत एक द्रव घालतात, ‘मॉर्टेनचे अश्रू’. तो घातल्यावर त्यांना मरणाऱ्या माणसाच्या अंगावर देवानं केलेली खूण दिसू लागते. आता डोळ्यांत घालायचं वीष म्हटल्यावर बेलाडोना ही विषारी वनस्पतीच आठवते. युरोपातल्या बायका बाहुल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून तिचा रस डोळ्यांत घालत, आणि तिच्यातलं अॅट्रोपिन आजही नेत्रतज्ज्ञाकडे बाहुली मोठी करायला वापरतात. आपल्या धोतऱ्यात त्याच कुळातली द्रव्यं असतात. धोतरा पोटात गेलेला माणूस नसलेल्या गोष्टी बघतो, हवेत हात मारतो. ज्या थेंबांनी दृष्टी धूसर होते त्याच थेंबांनी दिव्यदृष्टी येते, ही उलटापालट लेखिकेनं जाणून केली असेल तर बाई हुशार आहेत, आणि न जाणता झाली असेल तर नशीबवान आहेत.

ही खूण हा कादंबरीचा मणका. खूण दिसली की मारायचं, असं मठ शिकवतो. इस्मे ते आज्ञाधारकपणे करते, अभिमानानं करते. वाचकही पहिली शंभर पानं तिच्या बाजूनं असतो, कारण मरणारे लोक तसे मरण्याच्याच लायकीचे. मग हळूहळू प्रश्न डोकं वर काढतो: ती खूण म्हणजे ‘मार’ अशी आज्ञा आहे, की ‘हा मरणार आहे’ एवढीच बातमी? आणि हे ठरवलं कुणी, देवानं की मठाच्या मुख्य बाईनं? देव बोलतो आणि मठ ऐकतो, या दोन्हींच्या मध्ये कुणाकुणाचे हिशेब बसलेले असतात, हे त्या मुलीला कळत जाणं मला फार आवडलं. शेवटी ती मृत्यूच्या लेकीचं काम काय याचं स्वतःचं उत्तर काढते. ते सांगत नाही. एवढंच म्हणते की चरकात एक ओळ आहे, तीक्ष्ण वीषही युक्तीनं वापरलं तर उत्तम औषध होतं. मठाच्या अभ्यासक्रमात या ओळीला जागा दिसत नाही, आणि इस्मे ती आपली आपण शोधते.

मठाबद्दल माझ्या मनात आलेली दुसरी गोष्ट अंमळ अवघड आहे. कादंबरीत ब्रिटनीचे जुने नऊ देव आहेत. चर्चनं त्यांना संत म्हणून आत घेतलंय, पण लोक अजून जुन्याच पद्धतीनं नैवेद्य दाखवतात. त्यातली आर्ड्विना, कॅम्युलोस ही नावं खरोखरच जुन्या केल्टिक देवतांची आहेत, मॉर्टेन लेखिकेचा. हा भाग पुण्यातल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. दामोदर कोसंबींनी वाकडच्या म्हातोबाचा माग काढला, रा. चिं. ढेऱ्यांनी धनगर-गवळ्यांचे देव मोठ्या देवळांत कसे पोचले हे उलगडून दाखवलं. आपल्या शेंदूर लावलेल्या दगडांची मोठ्या पुराणांशी सोयरीक कशी जुळली हे आपण घरच्या पूजेतही बघतो. पण देवाला वाहिलेल्या मुली म्हटलं की जेजुरीच्या मुरळ्याही आठवतात. नको असलेली, नवसाची, आजारी, गरीब घरातली मुलगी खंडोबाला द्यायची, आणि मग ती देवाची म्हणून सगळ्यांची. देवदासीची चाल बंद करणारा कायदा महाराष्ट्रात २००५ मध्ये पुन्हा करावा लागला, इतकी ती चिवट. म्हणून ‘देवाच्या लेकी’ हा शब्द मी भाचीइतक्या सहज गिळू शकले नाही. पुस्तकातला मठ टाकून दिलेल्या मुलींना छप्पर देतो, हत्यार देतो, आणि वापरतोही. लेखिका पहिल्या दोन गोष्टींवर भाळलेली आहे असं वाटत असतानाच ती तिसरीकडे वळते. थोडी आधी वळायला हवी होती.

आता इतिहास. हा भाग खरा आहे आणि भरघोस आहे. ब्रिटनीचा ड्यूक दुसरा फ्रान्सिस २८ जुलै १४८८ च्या लढाईत फ्रेंचांकडून हरला. आपल्या मुलींची लग्नं फ्रान्सच्या राजाच्या संमतीशिवाय करणार नाही असं त्याला लिहून द्यावं लागलं, आणि सप्टेंबरमध्ये तो वारला. मागे राहिली अॅन, जानेवारी १४७७ मध्ये जन्मलेली, म्हणजे अकरा वर्षांची डचेस. बापानं तिचा हात युरोपातल्या अनेकांना देऊ केला होता. चार वर्षांची असताना इंग्लंडच्या युवराजाशी ठरलं, पण तो पुढे लंडनच्या टॉवरमध्ये नाहीसा झाला. चाळिशी उलटलेला आलँ दाल्ब्रे हाही मागणी घालणाऱ्यांत होता, आणि तो कादंबरीत खलनायक म्हणून असा रंगवलाय की तो दालनात आला की वाचकानं खुर्ची मागे सरकवावी. अॅनभोवती मार्शल, चॅन्सेलर, दाई-शिक्षिका असे सगळे पालक, आणि प्रत्येकाचं आपलं एक राजकारण.

शनिवारवाड्याच्या भिंतीशेजारून रोज बसनं जाणाऱ्याला हे परकं वाटणार नाही. चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रं देऊन बारभाईंनी कारभार चालवला, तो १७७४ साल. फरक एवढाच की आपल्याकडे त्या बाळाला बोलता येत नव्हतं, आणि इथल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीला बोलता येतं, नुसतं येत नाही तर ती भर दरबारात मोठ्यांना गप्प करते. कादंबरीतली अॅन हे माझ्या दृष्टीनं इस्मेपेक्षाही सरस पात्र. भित्री आहे, पण भीती दिसू देत नाही. धाकट्या बहिणीपाशी तेवढी लहान होते. खऱ्या अॅननं पुढे डिसेंबर १४९१ मध्ये फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सशी लग्न केलं, तो वारल्यावर बाराव्या लुईशी. दोनदा फ्रान्सची राणी झाली. तिचं हृदय सोन्याच्या एका करंडकात ठेवलेलं होतं. तो करंडक २०१८ मध्ये फ्रान्समधल्या नाँत शहराच्या संग्रहालयातून चोरीला गेला आणि काही दिवसांत सापडला. हे पुस्तकात नाही. वाचून झाल्यावर मी शोधत बसले तेव्हा हाती लागलं. ज्या कादंबरीनं रात्री एक वाजता नकाशे उघडायला लावले, तिला मी त्याचे वेगळे गुण देते.

नायकाचं नाव गॅव्रिएल ड्यूव्हाल, ड्यूकचा अनौरस मुलगा, म्हणजे अॅनचा सावत्र भाऊ. हा माणूस काल्पनिक, पण ड्यूकला अशी मुलं खरोखर होती, आणि त्यातला एक, फ्रान्स्वा, कादंबरीतही आहे. इस्मे ड्यूव्हालची नाटकशाळा, म्हणजे ठेवलेली बाई, असल्याचं सोंग घेऊन दरबारात शिरते. मठाचा त्याच्यावर संशय, त्याचा मठावर, आणि दोघं एका छताखाली. प्रेम हळू शिजतं. मला ते हळूपण आवडलं. सूत्रं तिच्या हातात राहतात, तो तिला वाचवायला धावत सुटत नाही, उलटच प्रकार जास्त. भाचीचं मत वेगळं: “मावशी, हे दोघं अजून किती पानं नुसते खिडकीतून बाहेर बघणार?” तिचंही चूक नाही. मधली शे-दीडशे पानं ढिली आहेत. इस्मे भिंतीआड ऐकते, संशय घेते, संशय मागे घेते, परत घेते. घरभेदी कोण हे मला बरंच आधी कळलं, भाचीला तर माझ्याही आधी. शिवाय शेवटाला एक उपचार आहे, तो माझ्या विद्यार्थिनीनं उत्तरपत्रिकेत लिहिला असता तर मी शून्य दिलं असतं. तरी तो प्रसंग वाचताना माझा चष्मा ओला झाला.

ऐतिहासिक कादंबऱ्यांवरच माझी पिढी पोसली. मे महिन्याच्या सुट्टीत माडीवर पालथं पडून जाडजूड ठोकळे वाचले. त्यांतली वीरश्री अजून अंगात आहे, ती नाकारत नाही. पण त्या पानांमधल्या बायका बहुतेक वेळा तबक घेऊन दारात उभ्या असायच्या, नाहीतर निरोप घेताना पदर तोंडात धरायच्या. चौदाव्या वर्षी माझ्या हातात असं पुस्तक आलं असतं तर मी काय केलं असतं, हा विचार वाचताना मधूनमधून येत होता. मराठीत हा जोडप्रकार, इतिहासाचा भक्कम पाया आणि वर चिमूटभर अद्भुत, कुमारवयीन मुलीच्या तोंडून सांगितलेला, मला सहज सापडत नाही. आपल्याकडे सामग्री काय कमी आहे? जोगेश्वरी आहे, सटवाई आहे, वेताळ आहे, प्रत्येक गडावर एकेक माची आणि तिची दंतकथा आहे. कुणीतरी तरुण लेखिकेनं बसावं की.

पालकांसाठी दोन गोष्टी. मुखपृष्ठ बघून सातवीतल्या मुलीला देऊ नका. सुरुवातीलाच बापाचा आणि नवऱ्याचा मार आहे, खून आहेत, दाल्ब्रेच्या प्रसंगांत अंगचटीला येणं आहे. नववी-दहावीच्या पुढे मात्र खुशाल द्या, आणि शक्यतो आपणही वाचा, कारण मुली प्रश्न विचारतात. माझ्या भाचीनं विचारलं की इस्मेच्या आईला दोष द्यायचा का. त्यावर आम्ही दोघी चहा थंड होईपर्यंत बोललो, आणि एकमत झालं नाही. तिच्या मते आई दोषी, माझ्या मते त्या काळात ती बाई दुसरं करणार काय होती.

पुढचे भाग ‘डार्क ट्रायम्फ’ २०१३ चा आणि ‘मॉर्टल हार्ट’ २०१४ चा. दुसऱ्यात इस्मेची मैत्रीण सिबेला नायिका आहे, आणि ती पहिल्या भागात जेवढी दिसते तेवढ्यावरून हा प्रकार बराच काळाकुट्ट असणार. भाचीनं तो मागवलाय आणि आधी तीच वाचणार आहे, कारण मी समासात लिहून ठेवते हे तिला आवडत नाही. पहिला भाग सध्या माझ्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींमध्ये फिरतोय. वाचायला द्यायची अट एकच घातलीय, त्यातली विषं परीक्षेत लिहायची नाहीत.